बेगड, क्रोम आणि डोळ्यांवरची तिरीप



‘बेगड’ या शब्दाच्या वांट्यास आपल्या भाषेंत मोठी अप्रतिष्ठा आलेली आहे. बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता, बेगडी देशभक्ति असें आपण म्हणतों तेव्हां आंत कांहीं नाहीं, वर मात्र चकाकी आहे, एवढाच अर्थ आपणांस अभिप्रेत असतो. परंतु आम्हां वऱ्हाडांतल्या माणसांनीं तरी बेगडास इतकें हलकें लेखूं नये. पोळ्याच्या दिवशीं शिंगांस रंग देऊन त्यावर बेगडाची पट्टी गुंडाळल्याशिवाय सोनाळ्यांतला बैल सहसा तोरणाखालीं उभा राहत नाहीं. नागपूरकडे दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो, तेव्हां मुलें जे चाकांचे लांकडी बैल ओढीत आणतात त्यांच्या इवल्या शिंगांनाहि तेंच बेगड लागतें. म्हणजे मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृति करावयाची आणि तिच्यावर धातूचा पापुद्रा बसवून ती खरी भासवावयाची, ही कला आपणांस परकी नाहीं. आज तिच्याच एका विलायती भावंडाविषयीं मी बोलणार आहें. मोटारगाडीच्या लहान प्रतिकृतीवर हौशी कारागीर जें क्रोमचें बेगड लावतात तें काय असतें व कसें लावतात, हा माझा मुख्य विषय. आणि खऱ्या गाडीची चकाकी रस्त्यावर डोळ्यांस कशी भोंवते, हा त्यास जोडून येणारा.

प्रतिकृति म्हटली कीं प्रमाण आलें. ह्या छंदांत चोविसास एक व त्रेचाळिसास एक हीं प्रमाणें विशेष रूढ आहेत. उदाहरणासाठीं आपण पद्मिनी घेऊं. इटलीची फियाट ११०० डिलाइट ही गाडी १९६४ पासून मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत होऊं लागली. हा कारखाना काढणाऱ्या कंपनीची स्थापना सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं केली होती. १९७४ पासून त्याच गाडीस ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. काळें अंग आणि पिवळें छत अशी ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर दोन पिढ्यांनीं पाहिली. अशी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कचेरींत ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सीचा व्यवसाय संपला. खऱ्या गाड्या अशा रीतीनें मोडींत निघाल्या म्हणजे तिचें रूप कसें होतें हें पुढच्या मुलांस दाखविण्याचें काम छायाचित्रांवर आणि हातांत धरतां येणाऱ्या प्रतिकृतींवर येऊन पडतें. म्हणून प्रतिकृति खोटी उतरली तर तें केवळ खेळण्याचें नुकसान नव्हे.

पद्मिनीच्या रूपांत चकाकीचा वांटा मोठा होता. पुढची जाळी, दोन्हीकडचे बंपर, दिव्यांभोंवतीचीं कडीं, चाकांच्या टोप्या, खिडक्यांच्या कडेच्या पट्ट्या, हें सर्व क्रोमनें झळाळत असे. हा क्रोम किंवा क्रोमियम धातु फ्रान्समध्यें वोकलँ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १७९७ सालीं सैबेरियांतून आलेल्या एका तांबड्या खनिजांत शोधिला. त्याच्या संयुगांस नाना रंग असतात, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. माणकाचा तांबडा आणि पाचूचा हिरवा रंग याच धातूच्या अंशामुळें येतो. मोटारींवर पूर्वीं निकेलचा मुलामा देत, तो पिवळटे व वरचेवर घासावा लागे. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्याच्यावर क्रोमचा थर चढविण्याची रीत आली आणि घासण्याची कटकट मिटली.

आतां एक मौज पहा. पोलादावर आधीं बहुधा तांबें, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोम असे थर असतात. यांतील क्रोमचा थर सामान्यतः अर्ध्या मायक्रॉनहूनहि पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जी तकाकी आपण क्रोमची म्हणून वाखाणतों ती पुष्कळ अंशीं खालच्या निकेलच्या गुळगुळीतपणाची असते. क्रोम तिला काळवंडूं देत नाहीं, इतकेंच. स्वयंपाकघरांत पोळ्या गुंडाळावयास जो ॲल्युमिनियमचा कागद वापरतात तो सुमारें सोळा मायक्रॉन जाड असतो. तेव्हां प्रतिकृतीवरच्या पापुद्र्यास बेगड म्हणून नाक मुरडणाऱ्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, खऱ्या गाडीवरचें क्रोम हेंच त्याहून किती तरी पातळ बेगड आहे. शिवाय तें स्वस्तांत पडत नाहीं. मुलामा देण्याच्या हौदांत जें क्रोमिक आम्ल असतें त्याच्या वाफाऱ्यानें काम करणाऱ्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्यास भोंक पडतें आणि फुप्फुसाचा कर्करोग संभवतो. आपल्या गाडीचा बंपर झळाळतो, त्याची ही किंमत कोणी तरी अपरिचित माणूस मोजीत असतो.

प्रतिकृतीवरच्या बेगडांत क्रोम मुळींच नसतें. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पत्रा असतो. अमेरिकेंतील बेअर-मेटल फॉईल नांवाचा माल ह्या छंदांत इतका प्रसिद्ध आहे कीं, तिकडे तेंच नांव बेगडास सर्रास लावतात. त्याच्या पाठीस चिकट लावलेलें असतें आणि पापुद्रा एका कागदावर बसवून विकतात. कोणी विचारील, एवढा खटाटोप कशास? चंदेरी रंगाचा एक फराटा ओढला तर भागणार नाहीं काय? नाहीं भागत, आणि त्याचें कारण समजण्यासारखें आहे. चंदेरी रंग म्हणजे पारदर्शक रोगणांत मिसळलेले ॲल्युमिनियमचे बारीक कण. ते वाळतांना वाटेल तसे तिरपे पडतात व प्रकाश चोहोंकडे विखुरतात, म्हणून रंग करडा दिसतो. अखंड पापुद्रा मात्र आरशासारखा वागतो. खरें क्रोम आपण ओळखतों तें त्याच्या पांढरेपणामुळें नव्हे. त्यांत वर आभाळ उजळ दिसतें, खालीं जमीन काळी दिसते आणि मधोमध क्षितिजाची रेघ उमटते, ह्यामुळें ओळखतों. हा उजेड-अंधाराचा खेळ पापुद्र्यांत दिसतो, रंगांत दिसत नाहीं. एक भेद मात्र उरतो. क्रोम आपल्यावर पडलेल्या उजेडाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग परत फेंकतें, तर ॲल्युमिनियम नऊ-दशांश. म्हणून बेगड खऱ्याहून किंचित् अधिक पांढरें दिसतें, आणि क्रोमची निळसर झांक त्यांत नसते.

दुसरें कारण गणिताचें आहे. खऱ्या गाडीवर एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी असेल, तर त्रेचाळिसास एक ह्या प्रमाणांत ती पाव मिलिमीटरहूनहि अरुंद होते. एवढी सरळ रेघ कुंचल्यानें मारावयाची म्हणजे हात अगदींच सिद्ध हवा. बेगडाची युक्ति अशी कीं, रेघ मारावयाचीच नाहीं. अधिक रुंद पापुद्रा लावून नको तेवढा कापून काढावयाचा.

ही कृति मी जरा सविस्तर सांगतों, कारण घाईनें केलेलें काम येथें हटकून फसतें. गाडीस रंग देऊन तो कित्येक दिवस पुरता वाळूं द्यावा. ओला राहिला तर बेगडाचा चिकट त्यास उचलून आणतो. मग नव्या पात्यानें कागदावरच पापुद्र्याची पट्टी पाहिजे त्याहून दुप्पट-तिप्पट रुंद कापून घ्यावी, चिमट्यानें अलगद उचलावी आणि उंच पट्टीवर न ताणतां ठेवावी. बोटानें मधून कडांकडे हलकेंच दाबीत जावें. नंतर काडीस गुंडाळलेल्या कापसानें ती घासावी आणि शेवटीं टोंक बोथट केलेल्या लांकडी काडीनें दोन्ही कडांच्या खांचेंत उतरवावी, म्हणजे पापुद्र्याखालची उंच रेघ वर स्पष्ट उमटते. ही उमटलेली कड हीच पुढच्या कापण्याची वाट. पातें नवें पाहिजे. जुनें पातें कापीत नाहीं, ओढतें, आणि पापुद्रा फाटतो. हाताचा भार देऊं नये, पात्याच्या स्वतःच्या वजनानें दोनदां चालवावें. जोर दिला कीं खालचा रंग चिरतो आणि मग सर्व गाडी पुन्हां रंगविणें आलें. उरलेला भाग कडेपासून दूर, हळू ओढून काढावा. एवढें झाल्यावर मऊ फडक्यानें पुसलें कीं खिडकीच्या कडेस अशी पट्टी दिसते कीं, जणूं ती कारखान्यांतूनच आली आहे. मुलांच्या हातून हें करून घ्यावें काय, असें कोणी विचारील, तर माझें मत असें कीं, पातें मोठ्यानें धरावें आणि घासण्याचें काम मुलाकडे द्यावें; धीर शिकविण्यास ह्याहून चांगला धडा मला आढळला नाहीं.

बंपरसारख्या सर्व बाजूंनीं वळलेल्या भागावर मात्र बेगड सुरकुततें. म्हणून तसे भाग बहुधा आधींच चकाकी चढवून येतात. निर्वात पेटींत ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ केली जाते आणि ती प्लॅस्टिकवर थिजते. म्हणजे तेथेंहि क्रोम नाहींच.

चांगला कारागीर बेगड कोठें लावावें याइतकाच कोठें लावूं नये याचाहि अभ्यास करतो, आणि येथें आपण प्रतिकृतीवरून खऱ्या रस्त्यावर येतों. जुन्या अमेरिकी गाड्यांत कांचेवरचा वायपर, चाकाच्या मध्यभागचें हॉर्नचें कडें, आंतल्या आरशाची चौकट हीं सर्व झळाळत असत. १९६८ च्या आरंभापासून तेथील सरकारनें नियम लागू केला कीं, चालकाच्या दृष्टीपुढें येणाऱ्या ह्या भागांवर तकाकी मर्यादेबाहेर असूं नये. पुढें तो नियम रद्द झाला, तरी वायपर काळा व मंद ठेवण्याची रीत राहिली. त्यानंतरच्या अमेरिकी गाडीच्या प्रतिकृतींत कोणी वायपरास बेगड लावलें, तर जाणता माणूस तें तत्काळ ओळखतो.

हा नियम कां करावा लागला? सपाट आरसा सूर्याची तिरीप एकाच दिशेस फेंकतो. आपण जागा बदलली कीं ती चुकते. फुगीर पृष्ठाचें तसें नाहीं. त्याच्यावर कोणता ना कोणता बिंदु असा सांपडतोच कीं, तो सूर्य थेट आपल्या डोळ्यांत टाकतो. म्हणून पुढच्या गाडीचा फुगीर क्रोम मैलोगणती डोळ्यांत खुपत राहतो. आपल्याकडे तर नवीन गाडीस वरून आणखी चकचकीत पट्ट्या चिकटविण्याची हौस आहे. त्याहून साधा आणि नित्याचा त्रास म्हणजे कांचेखालच्या फळीवर ठेवलेला पांढरा कागद किंवा रुमाल. त्याचें प्रतिबिंब आंतून कांचेवर पडतें आणि रस्त्यावर धुक्याचा पडदा धरल्यासारखें होतें. तो कागद उचलून बाजूस ठेवण्यास कांहीं खर्च लागत नाहीं. विनाकारण वाजणारे कर्णे, पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक, रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून चाललेल्या गप्पा, ह्या पीडा आपणांस माहीतच आहेत. त्यांचा पाढा मी येथें वाचीत नाहीं.

रात्रीं मात्र गोष्ट केवळ त्रासापुरती राहत नाहीं. समोरून दिवा उंच ठेवून गाडी आली कीं ती निघून गेल्यावरहि डोळ्यांस कांहीं सेकंद पुढचें दिसत नाहीं. तरुणास हा काळ कमी लागतो. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांतील भिंग प्रकाश अधिक विखुरतें, त्यास जास्त लागतो, आणि मोतीबिंदु असल्यास आणखीच. तासास साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर जाते. तीन सेकंद आंधळे गेले म्हणजे पन्नास मीटर रस्ता न पाहतां कापला. सोनाळ्याहून संग्रामपूर, वरवट बकालकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कापसाच्या हंगामांत त्या पन्नास मीटरांत बिनदिव्याची बैलगाडी असते, ट्रॅक्टरची ट्रॉली असते, शेतांतून परतणारें माणूस असतें.

त्यांच्यासाठीं बेगडच उपयोगी आहे, पण तें निराळ्या जातीचें. गाडीच्या मागें पत्र्याचा तुकडा किंवा जुनी चकचकीत तबकडी बांधली तर काम होईल असें पुष्कळांस वाटतें. तें होत नाहीं, कारण आरशासारखी वस्तु येणारा उजेड बहुधा भलतीकडेच परावर्तित करते आणि चालकास कांहीं दिसत नाहीं. परावर्तक पट्टींत बारीक कांचेचे मणी किंवा त्रिकोणी खांचा असतात. उजेड ज्या बाजूनें आला त्याच बाजूस त्या तो परत पाठवितात. रस्त्याच्या मध्यावर बसविलेले ‘मांजराचे डोळे’ ह्याच तत्त्वावर चालतात. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील पर्सी शॉ यानें १९३४ सालीं त्यांचें पेटंट घेतलें. अशी तांबडी पट्टी दुरून येणाऱ्या गाडीच्या स्वतःच्याच दिव्यानें पेटते. तिला बॅटरी नको, तेल नको.

ही पट्टी लावतांना दोन गोष्टी पाहाव्यात. ती गाडीच्या मागच्या फळीच्या दोन्ही टोंकांस लावावी, म्हणजे गाडी किती रुंद आहे तें कळतें. एकच तुकडा मधोमध लावला तर दुरून तो सायकलीचा वाटतो. कापूस भरल्यावर लोंबणारें पोतें किंवा ताडपत्री तिच्यावर येऊं देऊं नये. आणि आमच्या काळ्या मातीची धूळ बसली कीं ती पट्टी निरुपयोगी होते, म्हणून बैल जुंपण्यापूर्वीं ओल्या फडक्यानें ती पुसून घ्यावी.