तांब्याच्या तारेंतील रिकामी जागा

इंटरनेट मंद चालतें म्हणून नवा राउटर आणूं पाहणाऱ्या वाचकांस आम्ही थोडें थांबण्यास सांगूं. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेंत मनुष्यवाणीस सेकंदाला सुमारें ४,००० कंपनांपर्यंतची जागा पुरते. तिच्या वरची जागा पूर्वीं रिकामीच असे. १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेल्या ‘एडीएसएल’ पद्धतींत राउटर याच रिकाम्या जागेंतून, सुमारें ११ लक्ष कंपनांपर्यंत, माहितीची ने-आण करतो. म्हणून आजोबा फोनवर बोलत असतांही नातवाचा अभ्यास अडत नाहीं. सरमिसळ टाळण्यास फोनपाशीं गाळणी बसविली म्हणजे झालें. परंतु तार जितकी लांब, तितकीं हीं वरचीं कंपनें वाटेंत क्षीण होतात. एक्स्चेंजपासून चार-पांच किलोमीटर दूरच्या घरीं वेग मंदावतो तो यामुळेंच. तेथें राउटर बदलून काय होणार? आधीं तारेची लांबी विचारावी, हें बरें.