लिहिणारा दिग्दर्शक झाला

सिनेमातले नट आपल्या ओळखीचे होतात. पण ते जे बोलतात, ते कोणीतरी आधी लिहिलेले असते. त्या लिखाणाला पटकथा म्हणतात. त्यावरून नटांकडून काम करून घेतो तो दिग्दर्शक. ही माणसे बहुधा वेगवेगळी असतात. अमेरिकेत हॉलिवूड हे सिनेमे काढण्याचे मोठे ठिकाण आहे. तिथल्या एका लेखकाची हकिगत आम्ही सांगतो.

त्यांचे नाव बिली वाइल्डर. जन्म १९०६ चा. धर्माने ज्यू. बर्लिन शहरात ते आधी बातमीदार होते, मग सिनेमे लिहू लागले. १९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले. हिटलर ज्यूंचा वैरी. वाइल्डर घाईघाईने पॅरिसला गेले आणि १९३४ साली अमेरिकेला. आई मागे राहिली. ती पुढे हिटलरच्या लोकांच्या हातून मारली गेली.

अमेरिकेत राहायला परवाना हवा. तो मिळवायला त्यांना शेजारच्या मेक्सिको देशात जावे लागले. जवळ कागदपत्रे अपुरी. अमेरिकन अधिकाऱ्याने विचारले, काम काय करता? सिनेमा लिहितो, असे ते म्हणाले. अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि चांगले लिहा, एवढे बजावले. ही गोष्ट वाइल्डर म्हातारपणीही सांगत.

इंग्रजी धड येत नव्हते. ते ऐकून ऐकून शिकले. चार्ल्स ब्रॅकेट नावाचे जोडीदार मिळाले. दोघे मिळून लिहीत.

१९४१ साली दोघांनी लिहिलेला एक सिनेमा निघाला. त्यातला माणूसही परवान्यासाठी मेक्सिकोच्या हद्दीवर अडकलेला असतो. गलिच्छ खोली. भिंतीवरून झुरळ चढते. हा काठी आडवी धरतो आणि झुरळालाच दरडावतो, की कुठे निघालास, कागद दाखव! असा प्रवेश लिहिला होता. वाचून हसू येते, अन् पोटात कालवतेही. स्वतः सोसलेले होते ना ते! पण नट होते शार्ल बॉयर, फार नावाजलेले. झुरळाशी बोलणे त्यांना वेडगळपणा वाटला. दिग्दर्शकाने त्यांचे ऐकले. प्रवेश गेला. लेखकाला कोण विचारतो? वाइल्डर भडकले. शेवटचा भाग लिहायचा बाकी होता. त्यात त्यांनी बॉयर यांचे बोलणेच कमी करून टाकले! राग रास्त होता, असे आम्हाला वाटते. पण त्याने झुरळ काही परत आले नाही.

मग त्यांनी ठरवले, आपले लिखाण आपणच पडद्यावर आणायचे. १९४२ साली त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला अमेरिकन सिनेमा निघाला. १९४५ चा 'द लॉस्ट वीकएंड' हा दारूपायी बुडालेल्या एका लेखकाचा. सिनेमात दारुडा पुष्कळदा हसण्यासाठी असतो. वाइल्डर यांनी त्याची तडफड दाखवली. छताच्या दिव्यात लपवलेली बाटली दाखवली. टाइपरायटर गहाण टाकायला त्याचे दारोदार हिंडणे दाखवले. या सिनेमाच्या लेखनाला आणि दिग्दर्शनाला, दोन्हींना ऑस्कर हे मोठे बक्षीस मिळाले. १९६० च्या 'द अपार्टमेंट'ने त्यांना तीन ऑस्कर मिळवून दिले.

ते २००२ साली वारले. दिग्दर्शक झाल्यावरही त्यांनी लिहिणे सोडले नव्हते. नट कितीही मोठा असो, कागदावरचा शब्द त्याने परस्पर बदललेला त्यांना खपत नसे.