वैमानिकाची पोपटपंची

मागच्या खेपेला मुंबईत उतरल्यावर आमचं विमान टॅक्सीवेवर थांबलं ते थांबलंच. शेजारच्या काकांनी पट्टा सोडला, घरी फोन लावला आणि जाहीर केलं, "उतरलो गं, पण आता हा परवानगी मागत बसलाय." मग माझ्याकडे वळले. "मी व्हिडिओत ऐकलंय. टॉवरवाला एक वाक्य म्हणतो, पायलट तेच परत म्हणतो. नुसती पोपटपंची! आमचा एसटीचा ड्रायव्हर बरा. आरशात बघतो आणि गाडी काढतो."

हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आता हसू येत नाही, वैताग येतो. धोका काय तो हवेत, जमिनीवर आलं की उरते ती औपचारिकता, असा हा समज. म्हणून आधी आरशाचंच बघू.

वैमानिकाला आरसा नसतो. मागचं काही दिसत नाही, आणि जंबोसारख्या विमानात तर स्वतःच्या पंखांची टोकंही कॉकपिटमधून दिसत नाहीत. उतरणारं जेट ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं; त्याला ब्रेक मारून जागच्या जागी थांबता येत नाही. तेव्हा धावपट्टीवर कोण आहे, कोण येतंय, आपण कुठे थांबायचं, हे वैमानिकाला मुख्यतः कानांनी कळतं. त्यातून हा रेडिओ जुन्या धाटणीचा, एका वेळी एकानेच बोलायचा. दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिट्टी.

फोनवर किराण्याची यादी घेणारा वाणी शेवटी ती परत वाचून दाखवतो. "साखर दोन किलो, तूरडाळ एक." आपण म्हणतो, "अहो, डाळ दोन, साखर एक." चूक तिथेच सापडते. विमानतळावर याला रीडबॅक म्हणतात. टॉवर म्हणतो, 'होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन', म्हणजे २७ क्रमांकाच्या धावपट्टीच्या अलीकडे थांबा. वैमानिकाने हे वाक्य स्वतःच्या विमानाच्या क्रमांकासह परत म्हणायचं. नुसतं 'रॉजर' म्हटलं तर नियंत्रक पुन्हा विचारतो. धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, तिथे उतरणं, तिथून उडणं, या प्रत्येक सूचनेचं रीडबॅक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या नियमांनी सक्तीचं आहे. ते नीट ऐकून चूक दुरुस्त करणं ही नियंत्रकाची जबाबदारी, हेही त्याच नियमांत आहे.

ज्यांना तरीही हे नाटक वाटतं त्यांनी तेनेरीफ आठवावं. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या दुसऱ्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने विमानं तेनेरीफ बेटावरच्या लॉस रोदेओसच्या लहानशा विमानतळाकडे वळवलेली. उभ्या विमानांनी टॅक्सीवे अडलेला, म्हणून केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमानं एकामागून एक धावपट्टीवरूनच टोकाकडे निघाली. दाट धुकं. जमिनीवरचं रडार नाही. केएलएमचं विमान टोकाला जाऊन वळलं आणि त्याला उड्डाणानंतरचा मार्ग कळवण्यात आला. उड्डाणाची परवानगी मात्र अजून मिळालेली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हटला आणि शेवटी जोडलं, की आम्ही आता 'ॲट टेक-ऑफ' आहोत. टॉवरला वाटलं, तयार उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. नियंत्रक 'ओके' म्हणाला, क्षणभर थांबला आणि पुढे म्हणाला, थांबा, मी बोलावतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमने सांगितलं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं, पुढे कर्कश शिट्टी.

५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला आजही सर्वांत मोठा अपघात, आणि तो जमिनीवरचा.

इथे कोणी म्हणेल, रीडबॅक तर झालं होतं! झालं होतं, पण त्याला जोडलेलं घरगुती शेपूट कोणी हटकलं नाही. म्हणून पुढे शब्दांवरच पहारा बसला. आज 'टेक-ऑफ' हा शब्द नियंत्रक फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतो. एरवी 'डिपार्चर'.

रीडबॅक म्हणजे रामबाण, असंही नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं गेलं, 'नंबर वन', थांबण्याच्या जागेपर्यंत या. 'नंबर वन' म्हणजे रांगेत पहिला, एवढंच. वैमानिकांनी रीडबॅक अचूक दिलं, पण समजूत झाली की धावपट्टी आपली. ते जवळपास ४० सेकंद तिथे उभे होते, आणि मागून जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं. त्यातले ३७९ जण वाचले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच गेले. त्यानंतर जपानने 'नंबर वन' म्हणणं काही काळ बंदच केलं.

आता किरकोळ गैरसमज, भराभर.

'रॉजर' म्हणजे हो: नाही. 'तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं', एवढाच अर्थ. होकाराला 'अफर्म', आणि तसं करतो म्हणायला 'विल्को'.

विमानाला हातातल्या दांड्यांनी खुणा करतो तो ट्रॅफिक कंट्रोलर: तो मार्शलर. नियंत्रक टॉवरमध्ये बसलेला असतो.

टॉवरमधून सगळं दिसतं: धुक्यात काही दिसत नाही. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात चुकलेलं छोटं जेट धावपट्टीवर आलं. जमिनीवरचं रडार चालू नव्हतं. ११८ मृत्यू.

एकच माणूस सगळ्यांशी बोलतो: मोठ्या विमानतळावर मार्गाची मंजुरी देणारा वेगळा, जमिनीवरची हालचाल बघणारा 'ग्राउंड' वेगळा, धावपट्टी सांभाळणारा 'टॉवर' वेगळा. प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी वेगळी.

नियंत्रक म्हणेल ते मुकाट ऐकायचं: सुरक्षित नसेल तर वैमानिक 'अनेबल' म्हणून नकार देऊ शकतो. विमानाचा अंतिम निर्णय कॅप्टनचा.

परवानगी मिळाली की सुटायचं: धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची आडवी ओळ पेटलेली असेल, तर ती विझेपर्यंत हलायचं नाही.

काकांना यातलं निम्मंही सांगून झालं नव्हतं, तेवढ्यात खिडकीबाहेर एक विमान कानठळ्या बसवत आमच्या पुढ्यातून गेलं. काका एकदम गप्प झाले. अर्ध्या मिनिटाने आमचं विमान हललं. त्याआधी पुढे कॉकपिटमध्ये कोणीतरी कोणाचं तरी वाक्य शब्दाला शब्द परत म्हटलं असणार. काकांनी सोडलेला पट्टा पुन्हा लावला.