हृदयरुग्णांच्या सेवेत क्लिनिकल फार्मासिस्ट

हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की उपचार संपले, असा अनेकांचा समज असतो. परंतु धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाची खरी कसोटी घरी परतल्यावरच सुरू होते. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याला वॉरफेरिन हे औषध आजन्म घ्यावे लागते. मात्रा कमी पडल्यास झडप अडकण्याचा वा पक्षाघाताचा धोका असतो, तर अधिक झाल्यास रक्तस्रावाचा. यासाठी रक्ताची 'आयएनआर' तपासणी नियमित करून तिचा आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान, मायट्रल झडप असल्यास त्याहून काहीसा अधिक, राखावा लागतो.

हा तोल सांभाळण्यास क्लिनिकल फार्मासिस्टचे मोलाचे साहाय्य होते. फार्मासिस्ट म्हणजे खिडकीतून गोळ्या देणारी व्यक्ती, ही कल्पना आता अपुरी आहे. भारतात २००८ साली सुरू झालेल्या फार्म. डी. या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात वॉर्डमधील प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण दिले जाते.

रुग्ण घेत असलेले प्रत्येक औषध हा तज्ज्ञ पडताळून पाहतो. कधी एकच औषध दोन निरनिराळ्या नावांनी चालू असते. कधी सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेली गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवीत असते. जुलाबावर दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल वॉरफेरिनचा प्रभाव वाढविते, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन तो घटविते. असे काही आढळल्यास डॉक्टरांना तत्काळ कळविले जाते व मात्रेचा निर्णय तेच घेतात.

रुग्णास घरी सोडताना त्याला व कुटुंबीयांना सविस्तर माहिती देणे हाही या कामाचाच भाग होय. पालक, मेथी वर्ज्य नाहीत. मात्र त्यांचे प्रमाण दर आठवड्यास सारखे असावे. श्रावणातील उपवासांमुळे आहार बदलणार असेल तर आधी विचारावे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास या औषधाची कल्पना द्यावी. अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण हे औषध गर्भास अपाय करू शकते.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, तपासणीस येताना घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, एका पिशवीत सोबत आणावीत.

यंत्रासाठी वा खाटेसाठी देणगी देणे सहज सुचते. रुग्णाशी शांतपणे बोलण्यास लागणारा वेळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. शस्त्रक्रियेचे यश टिकविणाऱ्या या सेवेसही आपला उदार आश्रय लाभावा, अशी आम्ही नम्र अपेक्षा करतो.