पडद्यावरील पोकर आणि टेबलावरील पोकर

पत्त्यांचा खेळ शास्त्रीय विचाराचा विषय व्हावा, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. संभाव्यतेच्या गणिताचा पायाच मुळी पास्काल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ साली जुगारातील एका प्रश्नावर केलेल्या पत्रव्यवहारात घातला गेला. पुढे जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या खेळसिद्धांतावरील ग्रंथात पोकरमधील हुलकावणीचे गणिती विवेचन केले. आज या खेळाची दोन रूपे आढळतात. एक संगणकाच्या पडद्यावरचे आणि दुसरे हिरव्या कापडाच्या टेबलाभोवतीचे. नियम एकच असताना एका ठिकाणी मुरलेला खेळाडू दुसऱ्या ठिकाणी का अडखळतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

येथे ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार विचारात घेऊ. प्रत्येकास दोन पत्ते झाकून मिळतात; मग पाच सामाईक पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात, आणि टप्प्याटप्प्याला पण लावला जातो. सातांपैकी उत्तम पाच पत्त्यांचा संच ज्याचा, त्याची मधली रास. दर डावाच्या आरंभी दोन खेळाडूंना ठराविक रक्कम सक्तीने टाकावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात. मोठा ब्लाइंड हेच या खेळातील मोजमापाचे एकक होय. लास व्हेगासमधील सामान्य टेबलांवर हे ब्लाइंड १ व २ डॉलर असतात.

२००३ साली अमेरिकेतील क्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने इंटरनेटवरील पात्रता-स्पर्धेतून जागतिक पोकर स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर पडद्यावर शिकलेले असंख्य खेळाडू टेबलाकडे वळले. (भारतात मात्र पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली. गोव्यात मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंचा व्यवहार वेगळ्या कायद्याखाली येतो.)

पहिला फरक गतीचा. टेबलावर पत्ते हाताने पिसले जातात, चकत्या मोजल्या जातात, कोणी विचारात गढतो, कोणी गप्पांत. त्यामुळे तासाला जेमतेम ३० डाव होतात. पडद्यावर एका टेबलावर सुमारे ७० डाव होतात, आणि एकाच वेळी चार टेबले मांडणारा खेळाडू तासाला २८० डाव पाहतो. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या संभवतात. त्यांपैकी दोन एक्क्यांच्या जोड्या फक्त ६. म्हणजे दर २२१ डावांत सरासरीने एकदा ही सर्वोत्तम जोडी हाती येते. पडद्यावर पाऊण तास थांबले की पुरे. टेबलावर सात तासांहून अधिक. या कंटाळ्यापायी पडद्यावरचा शिस्तीचा खेळाडूही टेबलावर टाकाऊ पत्ते खेळू लागतो, आणि हा दोष बहुधा त्याच्या ध्यानीही येत नाही.

मंद गतीचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. समजा, एखादा खेळाडू खरोखरच कुशल असून दर १०० डावांमागे सरासरी ५ एकके जिंकतो. आणि १०० डावांच्या निकालाचे प्रमाण विचलन ९० एकके आहे. १०,००० डावांत त्याची अपेक्षित कमाई ५०० एकके होईल. परंतु विचलन डावांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते येथे ९० च्या दसपट, म्हणजे ९०० एकके भरते. अर्थात इतके डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के राहते! पडद्यावर १०,००० डाव ३६ तासांत संपतात. आठवड्यातून दहा तास टेबलावर बसणाऱ्यास त्यासाठी जवळजवळ आठ महिने लागतील. आठ महिन्यांच्या हानिलाभावरून स्वतःचे कौशल्य जोखणारा माणूस बहुतांशी नशिबाचेच मापन करीत असतो.

मग टेबलावर सुकर ते काय? प्रतिस्पर्धी. इंटरनेटवर ब्लाइंड काही सेंटांपासून सुरू होतात, त्यामुळे नवशिके खालच्या पायऱ्यांवर वेगळे पडतात. कॅसिनोस मात्र पगार आणि जागेचा खर्च भागवावयाचा असतो. इतकी लहान टेबले त्यास परवडत नाहीत. साहजिकच त्याच्या सर्वांत खालच्या टेबलावर सुट्टीवर आलेले हौशी लोक गोळा होतात. त्यांस पत्ते टाकून देणे आवडत नाही. पुढचा पत्ता पाहण्यासाठी ते पैसे भरतात.

अशांपुढे हूल चालत नाही, याचा हिशेब सोपा आहे. राशीत २० डॉलर आहेत आणि खेळाडू निकामी पत्त्यांवर २० डॉलर लावतो. एकच प्रतिस्पर्धी असून तो १०० पैकी ६० वेळा माघार घेत असेल, तर सरासरी ४ डॉलर लाभ होतो. प्रतिस्पर्धी तसेच दोन असतील, तर दोघांनीही माघार घेण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ म्हणजे ०.३६ एवढीच उरते आणि लाभाचे ५.६० डॉलर तोट्यात रूपांतर होते.

याच्या उलट चांगल्या पत्त्यांचे मोल वाढते. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, चार हातांविरुद्ध फक्त ५६ टक्के. ‘एक्के नेहमी फुटतात’ ही टेबलावरची तक्रार येथूनच उपजते. पण प्रत्येकाने एक एकक लावले, तर पहिल्या प्रसंगी सरासरी निव्वळ लाभ ०.७ एकक होतो आणि दुसऱ्या प्रसंगी १.८ एकके! हरण्याचे प्रसंग वाढूनही लाभ अडीचपट. म्हणून पडद्यावरचा जाणता खेळाडू टेबलावर हूल आवरती घेतो आणि पत्ते भक्कम असता मोठा पण लावतो.

या लाभातून कॅसिनोचा वाटा वजा करावयास हवा. राशीचा दहावा भाग, ठराविक मर्यादेपर्यंत, कापून घेण्याची रीत आहे. मर्यादा ५ डॉलर धरली तरी एका राशीमागे अडीच एकके गेली. पत्ते वाटणाऱ्याची बक्षिशी निराळीच.

चेहऱ्यावरून पत्ते ओळखण्याच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन मानसशास्त्रीय अभ्यासात व्यावसायिक खेळाडूंची चित्रफीत निरीक्षकांना दाखवण्यात आली. केवळ चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज चुकीच्या दिशेने गेले. केवळ चकत्या सरकवणारे हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र निव्वळ योगायोगाहून सरस ठरले. चेहरा सावरता येतो, हाताची हालचाल सहसा सावरली जात नाही.

हाताचे आणखीही एक काम आहे. पडद्यावर कळ दाबली की पण अचूक लागतो. टेबलावर मोठ्या किमतीची एकच चकती न बोलता पुढे टाकली, तर प्रचलित नियमानुसार ती वाढ न ठरता केवळ बरोबरी ठरते. दोन खेपांत चकत्या सरकवल्या, तर दुसरी खेप परत घ्यावी लागते. नवागताने म्हणून रक्कम आधी तोंडाने सांगावी आणि मगच चकत्यांस हात लावावा. बोललेला शब्द बंधनकारक असतो.