भूतानची सहल : व्हिसा नको, पण कागद चोख हवेत

आधारकार्ड खिशात टाकले आणि निघाले, असे भूतानच्या बाबतीत चालत नाही. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाचे कोणते कागद लागतात आणि रोजचे शुल्क किती, हे घरूनच पाहून निघालेले बरे.

सुटी जवळ आली की घराघरांत बेत ठरू लागतात. सिमला झाले, मनाली झाले, दार्जिलिंगही दोनदा झाले. या वेळी 'फॉरेन' बघू या, असा मुलांचा हट्ट असतो. वडील मनातल्या मनात खर्चाचा अंदाज घेत गप्प बसतात. मग कुणीतरी तोडगा काढते, "भूतानला जाऊ. आपल्याला तिथे व्हिसासुद्धा लागत नाही!"

हे खरे आहे, पण अर्धेच. भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना मात्र लागतो. तो मिळण्यासाठी ठरावीक ओळखपत्र दाखवावे लागते आणि मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचे शुल्क भरावे लागते. हा उरलेला अर्धा भाग ठाऊक नसला की हजारो रुपयांची तिकिटे काढून सीमेपर्यंत पोहोचलेल्या कुटुंबातील एखाद्याला कमानीच्या अलीकडेच थांबावे लागते. मग बाकीच्यांनी पुढे जायचे की सगळ्यांनीच परत फिरायचे?

ही सवलत कशामुळे?

भारत आणि भूतान यांचा मैत्री करार ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंग येथे झाला. २००७ मध्ये तो नव्याने करण्यात आला. तरीही सुरुवातीची अनेक वर्षे भूतानला जाणे ही सोपी गोष्ट नव्हती. १९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू भूतानला गेले, तेव्हा तिथे मोटारीचा रस्ता नव्हता. सिक्कीममधून नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, डोंगरवाटांनी ते पारोला पोहोचले. इंदिरा गांधी त्यांच्यासोबत होत्या. १९६१ मध्ये भारताच्या सीमा रस्ते संघटनेने 'दंतक' प्रकल्प सुरू केला आणि सीमेवरच्या फुंटशोलिंगपासून राजधानी थिंफूपर्यंत रस्ता तयार झाला. आज पर्यटकांच्या गाड्या याच मार्गाने डोंगर चढतात.

परदेशी पर्यटकांना भूतानने दार उघडले ते १९७४ मध्ये, राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. मात्र दार उघडतानाच धोरण ठरले होते : पाहुणे थोडे असावेत, पण त्यांच्याकडून देशाला चांगले उत्पन्न मिळावे. त्यामुळे पाश्चात्त्य पर्यटकाला दर दिवसाची ठरावीक आणि भरभक्कम रक्कम मोजावी लागे. भारतीयांना मात्र त्यातून सूट होती.

परिणाम व्हायचा तो झाला. २०१९ मध्ये भूतानला सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक आले. त्यांतले जवळजवळ २ लाख ४३ हजार भारत, बांगलादेश आणि मालदीव या शेजारी देशांतले होते. ज्या देशाची स्वतःची लोकसंख्या ८ लाखांहूनही कमी आहे, त्याच्या रस्त्यांवर, पाण्यावर आणि मठांवर या गर्दीचा ताण पडणारच. म्हणून २०२० मध्ये भारतीयांनाही शुल्क लावण्याचे ठरले. तेवढ्यात करोनाची साथ आली आणि मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्या पुन्हा उघडल्या तेव्हा नवे नियम लागू झाले होते. म्हणूनच "आम्ही २०१५ मध्ये गेलो होतो, तेव्हा असे काही नव्हते," हा शेजाऱ्यांचा अनुभव आता उपयोगाचा नाही.

कोणते ओळखपत्र चालते?

भूतानच्या परवान्यासाठी प्रौढ भारतीयाकडून दोनच ओळखपत्रे स्वीकारली जातात. एक, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट. दोन, निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधारकार्ड, पॅनकार्ड, वाहन चालवण्याचा परवाना किंवा कार्यालयाचे ओळखपत्र यांवर विसंबून निघू नये. शिवाय कागद मूळ हवा, झेरॉक्स नव्हे.

घरोघरी गोंधळ होतो तो पुढच्या तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली कॉलेजातली मुले. ती कायद्याने सज्ञान झालेली असतात, पण पुष्कळांनी मतदार यादीत नाव घातलेले नसते आणि पासपोर्टही काढलेला नसतो. घरातल्या सगळ्यांचे कागद तयार असतात आणि एकोणीस वर्षांच्या मुलाजवळ आधारकार्डाशिवाय काहीच नसते. सहलीचा विचार पक्का होताच आधी या मुलांचे कागद बघावेत. पासपोर्ट काढला तर पुढेही तो उपयोगी पडतोच.

दुसरे ठिकाण म्हणजे विवाहित स्त्रियांची नावे. मतदार ओळखपत्र माहेरच्या नावाचे, विमानाचे तिकीट सासरच्या नावाचे आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव आणखी वेगळ्या पद्धतीने लिहिलेले, असे अनेक घरांत आढळते. एरवी त्यामुळे काही अडत नाही, पण सीमेवरचा अधिकारी कागद पाहूनच माणूस ओळखतो. तिकिटे, हॉटेल आणि परवान्याचा अर्ज यांत नाव ओळखपत्रावर जसे आहे तसेच घालावे.

तिसरे ठिकाण म्हणजे आजी-आजोबांचे जुने मतदार ओळखपत्र. त्यावरचा फोटो पुसट झालेला असतो, अक्षरेही धड वाचता येत नाहीत. अशा वेळी दुसरी प्रत आधीच काढून घेतलेली बरी.

मुलांचे काय?

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पासपोर्ट सर्वांत सोयीचा. तो नसेल तर जन्माचा दाखला चालतो, पण त्यावरचा मजकूर इंग्रजीत हवा. महाराष्ट्रात अनेकांच्या घरी केवळ मराठीतला जुना दाखला असतो. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून इंग्रजी मजकूर असलेला दाखला काढून घ्यावा. शाळेचे ओळखपत्र त्याच्या जागी पुरत नाही.

मूल आई-वडिलांबरोबर किंवा कायदेशीर पालकाबरोबर असावे, अशी अपेक्षा असते. मावशी किंवा काका भाच्या-पुतण्यांना हौसेने घेऊन जाणार असतील, तर आई-वडिलांचे संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवाव्यात. असे मूल चालेल का, हेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

परवाना कुठे मिळतो?

जमिनीवरून जाणारे बहुतेक पर्यटक पश्चिम बंगालमधल्या जयगावहून फुंटशोलिंगमध्ये प्रवेश करतात. बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपाईगुडी स्थानकावरून जयगावला मोटारीने जाता येते. रेल्वेने आणखी जवळ यायचे तर हासीमारा स्थानक आहे. समत्से, गेलेफू आणि समद्रुप जोंगखार ही इतर प्रवेशद्वारे. हवाई मार्गाने जाणाऱ्यांना पारोच्या विमानतळावर उतरावे लागते. तिथे द्रुक एअर आणि भूतान एअरलाइन्स या तिथल्याच कंपन्यांची विमाने दिल्ली आणि कोलकात्याहून जातात.

परवान्याचा अर्ज घरी बसून ऑनलाइन करता येतो. प्रवासाच्या तारखा, हॉटेलचे आरक्षण, ओळखपत्राची प्रत आणि फोटो तयार ठेवावेत. मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर सीमेवर रांगेत ताटकळण्यापेक्षा हे काम आधीच उरकलेले चांगले. थिंफू आणि पारो यांच्या पलीकडे, म्हणजे पुनाखा, बुमथांग वगैरे भागांत जायचे तर परवानाधारक गाइड सोबत घ्यावा लागतो. त्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा. भारतीय क्रमांकाची गाडी घेऊन जाणाऱ्यांना गाडीचेही रोजचे शुल्क वेगळे पडते.

रोजचे बाराशे रुपये

या शुल्काचे नाव 'शाश्वत विकास शुल्क'. भारतीयांसाठी ते दर माणशी दर रात्री १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. हॉटेल, जेवण, गाडी यांचा त्यात समावेश नाही.

हिशेब करून पाहू. आई, वडील, आजी, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी पाच रात्री राहणार आहेत. तीन मोठ्यांचे ३,६०० आणि मुलाचे ६०० मिळून एका रात्रीचे ४,२०० रुपये होतात. पाच रात्रींचे २१,००० रुपये. "भूतान स्वस्त आहे," असे ऐकून निघालेल्या कुटुंबाला हा आकडा ऐनवेळी कळला तर सहलीची मजाच जाईल. आधी कळला तर एक रात्र कमी करता येते किंवा हॉटेल साधे निवडता येते.

ज्यांना सीमेवरचे गाव तेवढे पाहायचे आहे, त्यांना फुंटशोलिंगसारख्या ठरावीक गावांत २४ तासांपर्यंत या शुल्कातून सूट आहे. ओळखपत्र मात्र तिथेही लागतेच.

हे पैसे कशासाठी? भूतानमध्ये नागरिकांना आरोग्यसेवा आणि शालेय शिक्षण मोफत आहे. देशाच्या किमान ६० टक्के भूभागावर कायम जंगल राहिले पाहिजे, असे राज्यघटनेतच लिहिले आहे. ज्या हिरव्या डोंगरांसाठी पर्यटक जातो, ते राखण्याचा खर्च काही प्रमाणात त्याच्याकडूनच घेतला जातो.

अमेरिकेतला मुलगा सोबत असेल तर?

परदेशी स्थायिक झालेली मुले सुटीत येतात आणि सगळे मिळून भूतानला जाऊ, असे ठरते. इथे एक मोठी चूक होऊ शकते. ज्याच्याकडे अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट आहे, तो मनाने कितीही पुणेकर असला तरी भूतानच्या दृष्टीने परदेशी पर्यटकच. 'ओसीआय' कार्डाचा तिथे उपयोग नाही. त्याला ४० डॉलर भरून व्हिसा घ्यावा लागतो आणि दर रात्रीचे शुल्क १०० डॉलर. २०२२ मध्ये हे शुल्क २०० डॉलर होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ते निम्मे केले गेले आणि ही सवलत ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. म्हणजे एकाच खोलीत राहणाऱ्या वडिलांचे पाच रात्रींचे ६,००० रुपये आणि मुलाचे ५४० डॉलर!

अशा व्यक्तीने भारतात परतण्याची सोयही पाहावी. ओसीआय कार्ड असेल तर चिंता नाही. भारताचा व्हिसा घेऊन आलेली परदेशी सून किंवा जावई असेल, तर तो व्हिसा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासून घ्यावे.

पैसे आणि घड्याळ

भूतानचे चलन न्गुलत्रुम. त्याचे मूल्य भारतीय रुपयाइतकेच असते आणि भारतीय नोटा तिथे चालतात. १०० रुपयांपेक्षा मोठ्या नोटा मात्र एकूण २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. रुपे कार्ड २०१९ पासून आणि भीम यूपीआय २०२१ पासून भूतानमध्ये स्वीकारले जाते, पण लहान गावांसाठी सुटे पैसे हवेतच. भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते, हेही ध्यानात ठेवावे.

पारोचे विमानतळ उंच डोंगरांमधल्या चिंचोळ्या खोऱ्यात आहे. विमाने दिवसाउजेडी ये-जा करतात आणि हवा बिघडली की उशीर होतो. त्यामुळे परतीचे मुंबईचे तिकीट त्याच दिवशी अगदी लागून काढू नये.

पाहुण्याचे भान

कागद तपासले जातात सीमेवर, वागणूक तपासली जाते पुढे रोज. मठांत आणि झोंगमध्ये अंगभर कपडे घालावेत, टोपी काढावी, आत फोटो घेऊ नयेत. २०१९ मध्ये एक भारतीय पर्यटक फोटोसाठी डोचुला खिंडीतल्या स्तूपावर चढला. त्याचा पासपोर्ट काही काळ ताब्यात घेण्यात आला आणि त्याला माफी मागावी लागली. तिथले १०८ स्तूप ही शोभेची वास्तू नव्हे. भारतात कारवाया करणाऱ्या अतिरेक्यांनी भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले. त्या कारवाईत बळी पडलेल्यांचे हे स्मारक आहे. ज्यांनी आपल्या शेजाऱ्याचा शत्रू स्वतःच्या घरातून हुसकावला, त्यांच्या स्मारकावर शेजाऱ्यानेच चढून उभे राहावे, हे तिथल्या लोकांना किती लागले असेल?

तेव्हा बॅगा भरण्याच्या महिनाभर आधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे कागद टेबलावर मांडावेत. कुणाचे मतदार ओळखपत्र हरवले आहे, कुणाच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, कुणाचा दाखला इंग्रजीत नाही, हे तासाभरात कळेल. शुल्क आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी भूतानच्या इमिग्रेशन विभागाची ताजी माहिती पाहावी. एवढे केले की सीमेवरच्या कमानीतून आजीसुद्धा नातवाचा हात धरून निर्धास्तपणे पलीकडे जाईल.