रक्तवाहिन्या आणि ‘डाय’

धायरी हें सिंहगड रस्त्याकडील गांव इ. स. २०१७ मध्यें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. धारेश्वराच्या देवळाजवळील जुनें घर घ्या, नाहींतर नव्या इमारतींतील बिऱ्हाड घ्या. कोणी ना कोणी वडीलधारें माणूस हृदयाची अँजिओग्राफी किंवा ‘डाय घालून सी. टी. स्कॅन’ करून आलेलें असतें, किंवा करावयाची म्हणून चिंतेंत असतें. संमतिपत्रावर सही करतांना आजोबांच्या मनांत येतें, ‘हा डाय शिरा जाळणार तर नाहीं ना?’ पण डॉक्टर घाईंत असतात, मुलगा पैसे भरण्याच्या रांगेंत असतो, आणि प्रश्न मनांतच राहतो. तो प्रश्न अडाणीपणाचा मुळींच नाहीं. शास्त्रज्ञांनीं त्यावर सत्तर वर्षांहून अधिक काळ डोकें खाजविलें आहे.

‘डाय’ म्हणजे रंग. परंतु हें द्रव्य पाण्यासारखें निर्मळ असून कांहींच रंगवीत नाहीं. क्ष-किरणांस हाड अडवितें. रक्त, रक्तवाहिनी व भोंवतालचें मांस यांतून मात्र ते जवळजवळ सारखेच पार होतात, म्हणून वाहिन्या चित्रांत वेगळ्या दिसत नाहींत. आयोडीनचा परमाणु जड असल्यामुळें किरणांस अडवितो. तें रक्तांत मिसळलें कीं वाहिनीचा सांचा उमटतो आणि अरुंद झालेली जागा उघडी पडते.

राँटजेन यांनीं १८९५ च्या नोव्हेंबरांत क्ष-किरण शोधले, आणि पुढच्याच जानेवारींत व्हिएन्ना येथें हाशेक व लिंडेंथाल यांनीं एका निर्जीव हाताच्या वाहिन्यांत खडू-हिंगुळाचें मिश्रण भरून त्यांचें चित्र घेतलें. जिवंत माणसाचें काम इतकें सोपें नव्हतें. लिस्बनचे एगास मोनिझ यांनीं १९२७ सालीं मेंदूच्या वाहिन्यांचें चित्र मिळविलें, पण त्यापूर्वीं स्ट्राँशियम ब्रोमाइडच्या प्रयोगांत त्यांचा एक रुग्ण दगावला होता.

वाहिनीस त्रास होतो तो कां, हें आमच्या गृहिणींस आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक आहे. कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेवलें कीं त्यांस पाणी सुटतें आणि फोडी आक्रसतात. जुनीं आयोडीन-द्रव्यें क्षारांच्या जातीचीं होतीं व त्यांची तीव्रता रक्ताच्या पांच ते सात पट असे. तीं शिरलीं कीं तांबड्या पेशींतील पाणी बाहेर ओढलें जाई. त्या आकसून ताठर होत. वाहिनीच्या आंतील नाजुक अस्तराच्या पेशींचीहि तीच गत होई. वाहिनीचे स्नायु सैल पडून ती फुगे, अंगांतून कढत लोट गेल्यासारखें वाटे आणि रक्तदाब उतरे. पायाच्या धमनींत ही सुई दिली असतां रुग्ण वेदनेनें कळवळत.

ही वेदना पाहून स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ टोर्स्टेन आल्मेन यांस आपल्या पोहण्याची आठवण झाली. पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या समुद्रांत डोळे उघडले तर झोंबत. बाल्टिकच्या अळणी पाण्यांत तसे झोंबत नसत. क्षार पाण्यांत विरघळला कीं त्याचे दोन तुकडे होतात, आणि त्यांतील एकच आयोडीन वाहून नेतो. मग न तुटणारा रेणु केला तर? ही कल्पना त्यांनीं १९६९ सालीं निबंधांत मांडली व नॉर्वेच्या एका कारखान्यानें ती प्रत्यक्षांत आणली. आजचीं बहुतेक द्रव्यें त्याच वंशांतील असून त्यांची तीव्रता रक्ताच्या दोन-तीन पटच असते. आयोडिक्सॅनॉल तर रक्ताइतकेंच सौम्य आहे.

येथें एक भयंकर अपवाद सांगितलाच पाहिजे. १९३० च्या सुमारास ‘थोरोट्रास्ट’ नांवाचें थोरियमचें द्रव्य निघालें. तें झोंबत नसे, चित्र सुरेख देई. डॉक्टर त्यावर खूष होते. परंतु तें यकृतांत व प्लीहेंत कायमचें ठाण मांडून बसे आणि किरणोत्सर्ग करीत राही. थोरियम अर्धें होण्यास सुमारें १४०० कोटी वर्षें लागतात! कित्येक रुग्णांस वीस-तीस वर्षांनीं यकृताचा कर्करोग झाला, आणि त्यांतील एक प्रकार रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतूनच उगवणारा होता. आयोडीनचीं द्रव्यें तशीं मुरत नाहींत. मूत्रपिंड निरोगी असल्यास बहुतेक भाग एका दिवसांत लघवीवाटे निघून जातो.

काळजी आहे ती त्या मूत्रपिंडाचीच. डायमुळें तेथील बारीक वाहिन्या कांहीं वेळ आकुंचित होतात. धडधाकट माणसास त्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं, आणि पूर्वीं ही भीति जरा वाढवूनच सांगितली जात असे, असें आतां पुष्कळ तज्ज्ञ मानतात. परंतु मूत्रपिंड दुर्बल असेल तर तें लपवूं नये. अशा रुग्णाची मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी कांहीं काळ थांबवावी लागते. तें डॉक्टरांनींच ठरवावें. पूर्वीं डायनें पित्त उठलें असेल, धाप लागली असेल, तर तेंहि सांगावें. तपासणी एकादशीस आली आणि आजी निर्जळीच्या हट्टास पेटल्या, तर त्यांची समजूत घालावी.

सुई टोचल्यावर अंग गरम होणें व लघवीस झाल्याचा भास होणें स्वाभाविक आहे; तें क्षणांत ओसरतें. परंतु सुईच्या जागीं सूज येऊं लागली, हात तटतटला, तर डाय शिरेबाहेर झिरपत आहे असें समजावें. आमच्या घरांतील वडील मंडळी ‘उगाच कोणास त्रास नको’ म्हणून अशा वेळीं मुकाट्यानें सोसतात. येथें मात्र तत्काळ ओरडावयाचें, हें त्यांस घरूनच बजावून पाठवावें.